‘पाहिलं’ म्हणण्याआधी

वाईला आमच्या अंगणात एक म्हातारी राहते. तिचं नाव पजेरो! दक्षिण अमेरिकेत याच नावाचं एक रानमांजर आहे, त्यावरून जपानी लोकांनी या गाडीचं बारसं केलं. चारही चाकांना ताकद देणारी, आणि आतून मात्र दिवाणखान्यासारखी ऐसपैस. भारतात ती २००२ साली विकायला आली. आमची २००४ सालची; बाबांनी २०१४ मध्ये जुनी घेतली. अशी श्रीमंती गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण सुट्या भागांची काही उतरत नाही! म्हणून बाबांनी ठरवलं, जमेल तेवढं काम घरीच करायचं. मदतनीस कोण? तर आठवीतला मी.

बाबांचे नियम कडक. गाडी सपाट जागी उभी करायची, चाकांना दगड लावायचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. लोखंडी स्टँड लावलेच पाहिजेत, कारण जॅक सटकला तर एवढं धूड थेट अंगावर! जुनं ऑइल गटारात ओतायचं नाही, डब्यात भरून गॅरेजवाल्यांना द्यायचं. आणि केलेलं प्रत्येक काम तारीख घालून वहीत लिहायचं. वही माझ्याकडे.

एका रविवारी आम्ही इंजिनाचं ऑइल बदललं. ऑइल गाळणारा फिल्टर छोट्या डब्यासारखा असतो आणि त्याच्या तोंडाशी रबराची काळी रिंग असते. जुना फिल्टर काढताना ही रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर दोन रिंगा एकावर एक येतात आणि ऑइलच्या दाबानं निसटतात.

बाबांनी विचारलं, “जुनी रिंग निघाली ना? पाहिलंस?”

फाटकाशी मुलं क्रिकेटसाठी खोळंबली होती. मी म्हणालो, “हो, पाहिलं!”

मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन आम्ही पाचगणीला आत्याकडे निघालो. पसरणी घाटाच्या मध्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. बाबांनी त्याच क्षणी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. ऑइल नसेल तर आतले भाग एकमेकांवर घासतात आणि थोड्याच वेळात इंजिन कामातून जातं. उतरून मागे बघतो तर काय, वळणापासून काळा, चकचकीत पट्टा!

मला वाटलं, बाबा आता बॉनेट उघडणार. पण ते मागे धावले. “आधी माती टाक!”

एक दूधवाले काका मोटरसायकलला कॅन लटकवून येत होते. बाबांनी दोन्ही हात पसरून त्यांना थांबवलं. डांबरावर सांडलेलं ऑइल म्हणजे दुचाकीच्या चाकाखाली केळीची सालं! मी कडेची माती ओंजळीनं आणून टाकत होतो. माझे हात थरथरत होते. दूधवाले काकाही मदतीला आले. आजी तर पदरात माती भरून आणत होती, आणि तेच मला बघवेना.

इंजिन निवल्यावर बाबांनी फिल्टर काढला. दोन रिंगा! त्यातली एक फाटून बाहेर आलेली. कुणी काही विचारायच्या आत मीच म्हणालो, “बाबा, मी पाहिलं नव्हतं.”

बाबा काहीच बोलले नाहीत. वाईहून त्यांचे मित्र नवा फिल्टर आणि ऑइलचे डबे घेऊन आले, आणि दुपारी आम्ही पाचगणीला पोचलो.

रात्री बाबांनी वही पुढे केली. मी लिहिलं, ‘जुनी रिंग काढली नाही. न पाहता पाहिलं म्हणालो.’ त्यांनी वही घेतली आणि खाली लिहिलं, ‘मीही खात्री केली नाही.’ ती ओळ वाचून मात्र मला रडू आलं.

आता फिल्टर मी बदलतो. बॅटरीचा झोत टाकतो, इंजिनावर बोट फिरवून बघतो, मगच नवा बसवतो. तुमच्या घरी अशी गाडी नसेल, पण सायकलचा ब्रेक असेल, गॅसचं बटण असेल. “पाहिलंस का रे?” असं कुणी विचारलं, तर आधी उठून बघून या. उत्तर काय, नंतरही देता येतं!