थोटूक नसलेली सिगारेट

२०१७ साली इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये सिगारेट सोडायचं मनावर घेतलं, तेव्हा ई-सिगारेटच्या दुकानदाराला मी पहिलाच प्रश्न विचारला तो लांबीचा. ‘सिगारेटएवढी आहे का?’ २० वर्षं दोन बोटांत ८४ मिलिमीटरची किंगसाइझ धरलेली. त्या बोटांना दुसरं माप ठाऊक नव्हतं.

तशी मिळाली. ओढली की टोकाला लाल दिवाही लागायचा. पण आत बॅटरी असल्यामुळे ओठांत नुसती धरून ठेवायला गेलो की वजनाने खाली यायची. शिवाय ती बॅटरी एवढीशी, की दुपारच्या चहाला मान टाकायची. मग संध्याकाळी स्टेशनजवळ खऱ्या सिगारेटचं पाकीट घेणं आलंच.

चिडून एकदम दुसरं टोक गाठलं. साबणाच्या वडीहून जाड पेटी, आत दोन १८६५० सेल. हा आकडा म्हणजे त्यांचं मापच, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. शर्टाच्या खिशात ठेवली की खिसा लोंबायचा. बायको म्हणाली, ‘‘घरात एक कुकर आहे, पुरे.’’

तिचं फार चुकलं नव्हतं. मोठ्या पेटीत निकोटिनचा रस जास्त मावत असेल असं मला वाटलेलं, पण ब्रिटनच्या कायद्याने टाकी कुठल्याही यंत्राची फार तर २ मिलिलिटर. मोठेपणा सगळा बॅटरीचा आणि वाफेचा. ही वाफ थेट छातीत ओढायची असते आणि तिला ३ मिलिग्रॅमचं पातळ निकोटिन पुरतं, हे मला कुठे माहीत! मी भरलं १८ चं. तिसऱ्या झुरक्याला दरदरून घाम फुटला आणि जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसलो. पुढच्या वेळी दुकानदाराने समजावलं, की सिगारेट आपण आधी तोंडात ओढतो, मग छातीत नेतो. तसंच ओढायचं असेल तर लहान यंत्र, एक ओहमच्या वरची कॉइल आणि जास्त ताकदीचा रस. हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? पण मी विचारली होती लांबी.

शेवटी अंगठ्याएवढा पॉड घेतला. मुठीत मावायचा, दिवसभर पुरायचा. तिथेच घोळ झाला. टपरीवर कटिंग आणि सुट्टा साधारण बरोबरच संपतात. थोटूक चपलेखाली चिरडलं की आपण कामाला लागतो. याला थोटूकच नाही. ईमेल वाचताना, बस येईपर्यंत, भाजी चिरताना, मी ओढतोच आहे. म्हणून मी मुद्दाम आणखी लहान बॅटरीचा घेतला आणि केबल घरी ठेवू लागलो. चारला तो मरायचा. रात्रीपर्यंत चिडचिड व्हायची, पण पाकीट घेतलं नाही.

पुढे पुण्याला निघालो, तेव्हा तो ड्रॉवरमध्ये ठेवला. २०१९ च्या कायद्याने भारतात तो आणायलाही बंदी आहे. तीन आठवडे मित्र सवयीने पाकीट पुढे करत राहिले आणि मी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसलो.

परतलो तेव्हा ड्रॉवरमध्ये बॅटरी पार उतरलेली. केबल कुठे ठेवली ते आठवेना. अर्धा तास शोधली. सापडलीही.