शिलाई मशीन आलं, पुढे काय?

बडोद्याचं महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय आपल्या आज्यांना चांगलं माहीत होतं. तुमच्या पिढीतल्या किती जणांनी ते आत जाऊन पाहिलंय, कोण जाणे. महाराणींनी १९१४ साली ते काढलं. बायकांना नुसतं कसब शिकवून भागत नाही, त्या कसबाला कामही मिळावं लागतं, ही समज त्यामागे होती.

आम्ही वाघोडियाला राहतो ते यांच्या जीआयडीसीतल्या नोकरीमुळे. आमच्या मागच्या फळियातल्या एका बेनला एका संस्थेकडून शिलाई मशीन मिळालं. हारतुरे झाले, फोटो निघाला. वर्षभराने गेले तर मशीनवर गोधड्यांची चळत! "सीवतां तो आवडे छे बेन, पण काम कोण आपशे?" तिने विचारलं. त्याच सुमारास नवऱ्याचं कंत्राटी काम सुटलं होतं आणि मुलीच्या फीसाठी तिने सावकाराकडून दहा हजार घेतले होते, महिना पाच टक्क्यांनी. म्हणजे वर्षाला सहा हजार नुसतं व्याज. मशीन दारात पोचवून मोकळं होणाऱ्या संस्थांचा मला तेव्हापासून थोडा रागच आहे.

लिज्जतचं उदाहरण घ्या. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आजही भगिनी मळलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून आणून देतात आणि मजुरी घेतात. कच्चा माल आणि विक्री संस्था सांभाळते. शिवाय प्रत्येक भगिनी मालकीणही असते.

पैशाची बाजू अहमदाबादच्या 'सेवा'ने ओळखली. सही येत नाही म्हणून बँका बायकांना उभ्या करीनात, तेव्हा १९७४ मध्ये चार हजार जणींनी दहा-दहा रुपये भरून स्वतःचीच बँक काढली. सहीऐवजी फोटो, हातात खातेक्रमांकाची पाटी धरलेला! इलाबेन भट्ट यांची ही युक्ती मला फार आवडते.

आमच्या फळियात पुढे कार्यकर्त्या येत राहिल्या आणि बारा जणींचा बचत गट झाला. महिना शंभर रुपये, म्हणजे वर्षाला चौदा हजार चारशे. कर्ज दोन टक्क्यांनी मिळतं, आणि ते व्याजही गटातच राहतं. त्या बेनने पहिलं कर्ज सावकाराचं देणं फेडायला घेतलं. गेल्या जूनपासून चौघी मिळून शाळेचे गणवेश शिवतात. कापड गट एकदम आणतो. नवऱ्याला अजून कायमचं काम नाही, पण मुलगी कॉलेजात जाते. पासबुक तिच्या स्वतःच्या नावाचं आहे आणि ते कुठे ठेवते हे ती घरात कुणाला सांगत नाही. बरोबरच करते!

सध्या गटाची वही मी लिहिते, पण माझे डोळे थकले आहेत. मोबाईलवर हिशेब ठेवायला शिकवणारं तुमच्यात कुणी असेल तर मंडळात निरोप ठेवा. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार वाजता बैठक असते. गुजराती तर तुम्हाला येतंच.