पोच : हाताची की छापील?

सौदा तोंडी ठरला तरी त्याची नोंद वहीत उतरली पाहिजे आणि माल मिळाल्याची पोच परत गेली पाहिजे, हा पेढीचा जुना दंडक. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोजकीर्द आणि खतावणी लिहिली गेली, त्या घरांना हॅम रेडिओच्या छंदातील एक रीत परकी वाटू नये. हवेतून झालेल्या संभाषणाची पोच तेथेही कागदावर देतात. तिला ‘क्यूएसएल कार्ड’ म्हणतात. बिनतारी संदेशांच्या सांकेतिक भाषेत ‘क्यूएसएल’ या अक्षरांचा अर्थच मुळी ‘मिळाल्याची पोच देत आहे’ असा आहे.

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या घरी बिनतारी केंद्र चालविण्याचा छंद. केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग परीक्षा घेऊन हा परवाना देतो. प्रत्येक परवानाधारकाला स्वतःची ‘कॉलसाइन’ मिळते. भारतातील बहुतेक कॉलसाइन ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. या लहरींवर धंद्याचे बोलणे करण्यास नियमानेच मनाई आहे. येथे नफा नाही, दलाली नाही. तरीही पोच देण्याचा शिष्टाचार जगभर पाळला जातो. १९१६ साली अमेरिकेतील बफेलोहून फिलाडेल्फियाला गेलेले कार्ड हे त्याचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण मानतात.

या पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मजकूर थोडा, पण नेमका असतो : दोन्ही केंद्रांच्या कॉलसाइन, तारीख, वेळ, लहरींची वारंवारता, संभाषण आवाजी होते की मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये, आणि समोरचा संदेश कसा ऐकू आला याचे अंक. स्पष्टतेला १ ते ५ आणि जोराला १ ते ९ असे अंक देतात. वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार लिहितात व ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. म्हणून १५ ऑगस्टच्या पहाटे २ वाजता भारतातून झालेले बोलणे कार्डावर १४ ऑगस्ट, २० वाजून ३० मिनिटे असे पडते. येथे चूक झाली तर दोन्हीकडच्या नोंदी जुळत नाहीत. अमेरिकेतील ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ किमान १०० देश-प्रदेशांशी संपर्क सिद्ध करणाऱ्यास ‘डीएक्ससीसी’ हा सन्मान देते. त्यासाठी खाडाखोड केलेले कार्ड चालत नाही. खाडाखोडीच्या वहीवर विश्वास नाही, हा न्याय तेथेही आहेच.

आता हे कार्ड हाताने लिहावे की छापावे? हा प्रश्न नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजमधील एका व्यापारी घरात काही महिने गाजत राहिला. तुळिंजच्या दाट वस्तीत हा छंद जपणेच मुळात कष्टाचे. इमारतीला इमारत खेटलेली. गच्चीवर अँटेनाची तार ताणायची तर सोसायटीची संमती हवी. दिवसभर विजेच्या उपकरणांची खरखर लहरींत मिसळते, म्हणून संपर्क साधायचे ते रात्री. त्या घरातील आजोबा दुकान बंद करून, जेवणखाण आटोपून गच्चीलगतच्या खोलीत बसत आणि झालेल्या प्रत्येक संपर्काचे कार्ड शाईच्या पेनाने स्वतः लिहीत. चार अंक भरून झाले की कोपऱ्यात एखादी ओळ असे : आज येथे मुसळधार पाऊस आहे, आवाज क्षीण होता, तरी भेट झाली.

वय वाढले तसा त्यांचा हात थरथरू लागला. एकाचा सात दिसू लागला. पावसाळ्याच्या दमट हवेत शाई फुटू लागली. उत्तर न गेलेल्या कार्डांचा गठ्ठा वाढत गेला. नात म्हणाली, “आजोबा, सगळ्या नोंदी संगणकावर आहेतच. मी लेबलं छापून देते, तुम्ही फक्त चिकटवा.” आजोबांना ते पटेना. “छापील कागद कोणीही पाठवील, बाळा. मी त्या माणसाशी बोललो होतो, हे माझ्या अक्षरावरून कळतं.”

त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. रेडिओ स्पर्धांच्या धामधुमीत समोरचा कसाही ऐकू येवो, त्याला ‘५९’ असे पूर्ण गुण देऊन पुढे जाण्याची सवय आहे. तेच अंक शेकडो कार्डांवर छापले गेले, की कार्डाचा खरेपणा उणावतो. हाताने लिहिणारा क्षणभर थांबतो आणि त्या रात्री प्रत्यक्ष काय ऐकू आले ते आठवतो.

मग युरोपातील एका ज्येष्ठ हॅमच्या कार्डाला उत्तर गेले, ते दीड वर्षाने. काही आठवड्यांनी त्यांच्या पत्नीचे पत्र आले. ते गृहस्थ कार्ड पोहोचण्याच्या दोन महिने आधी निवर्तले होते. अखेरपर्यंत टपाल आले की ते भारताचे तिकीट शोधत, असे त्या बाईंनी लिहिले होते. पावसाची ती एक ओळ मात्र त्यांनी मुलांना वाचून दाखवली होती आणि कार्ड जपून ठेवले होते.

आजोबांनी ते पत्र दोनदा वाचले. त्यात दोन्ही बाजूंचा निवाडा होता. कार्ड जपले गेले ते हाताच्या ओळीमुळे. आणि ज्याच्यासाठी ती ओळ लिहिली होती त्याला ती वाचता आली नाही, तीही हाताने सर्व लिहिण्याच्या हट्टापायी. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच नातीला गठ्ठा काढायला सांगितला. तारीख, वेळ, वारंवारता आणि नोंदवहीतले खरे अंक लेबलावर छापायचे. एक ओळ आणि सही हाताने करायची, असे ठरले. साचलेली कार्डे काही आठवड्यांत रवाना झाली.

२००३ पासून त्याच अमेरिकन संस्थेची ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ ही संगणकीय सोय सुरू आहे. दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या की कागदावाचूनच संपर्क सिद्ध होतो. तिने अचूकता वाढवली, टपालखर्च वाचवला. नेमक्या नोंदीचे हे वळण केवळ छंदापुरते नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूज भूकंपात हॅम मंडळींनी संदेशवहनाला हातभार लावला. अशा वेळी नाव, गाव आणि वेळ बिनचूक उतरवून घेणे म्हणजे कोणाच्या तरी आप्ताची खबर खरी पोहोचवणे असते.

पेढीवरही छापील बिल आले, मग संगणकाचे आले, आणि हिशेब अधिक चोख झाले. जे सर्वांसाठी सारखे, ते यंत्राने करण्यात कमीपणा नाही. जे एकाच माणसासाठी आहे, त्यापुरता हात राखून ठेवावा. घरोघरी अशा काही पोचा थकलेल्या असतात : आजारपणात धावून आलेल्याला द्यायचे पत्र, लग्नाच्या आहेराची दखल, दूरच्या आत्याच्या खुशालीच्या चौकशीला उत्तर. सवडीने सुंदर अक्षरात लिहू म्हणून त्या राहून जातात. पैशाचे देणे उशिरा फेडले तर व्याज लावून तरी फिटते. पोचेचे देणे घेणारा हयात आहे तोवरच फेडता येते.