‘बरं आहे’ म्हणजे किती बरं?

माण तालुक्यातल्या एका वाडीत ओट्यावर बसून मी एका आजींना विचारलं होतं, ‘गेल्या आठवड्यात मन उदास झालं असं किती दिवस वाटलं?’ आजींनी आधी आत चुलीपाशी बसलेल्या सुनेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ‘बरं हाय की. काय कमी हाय?’ मी ‘एकही दिवस नाही’ या उत्तराला खूण केली. निघाले तेव्हा आजी वेशीपर्यंत पोचवायला आल्या. पिंपळाखाली थांबून म्हणाल्या, ‘बाई, रातीला डोळ्याला डोळा लागत न्हाई. मालक गेल्यापास्नं बोलायला कुणी न्हाई घरात.’ फॉर्म तोवर पिशवीत गेला होता.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. म्हातारपणी माणसं कशी जगतात याचे आकडे गोळा करून ते सरकारी टेबलापर्यंत पोचवणं हे माझं काम. ते करताना ओटा आणि पिंपळ यांच्यामधलं ते अंतर मला सतत दिसतं. आपल्याकडे पत्राची सुरुवातच ‘इकडील सर्व क्षेम’ अशी व्हायची. घरात आजारपण असो, कर्ज असो, आधी क्षेम लिहायचं आणि मग बाकीचं. आज जे सत्तरीत आहेत ते याच रीतीत वाढले. परक्या माणसानं वही उघडून विचारलं की ते पत्राची पहिली ओळ सांगतात. त्या ओळीवर धोरण आखलं तर ते चुकणारच.

हे किती चुकू शकतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण बंगालमधलं आहे. १९४३ च्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेनं एक पाहणी केली. आपण आजारी आहोत किंवा आपली तब्येत यथातथाच आहे असं सांगणाऱ्या विधुरांचं प्रमाण होतं ४८.५ टक्के. विधवांचं प्रमाण होतं २.५ टक्के. अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे पुन्हा पुन्हा मांडले. त्या काळातल्या बंगाली विधवेचं जिणं आठवलं तर ती विधुरापेक्षा धडधाकट होती असं कुणीही म्हणणार नाही. आपल्या तब्येतीबद्दल तक्रार करायची असते, ती कुणी ऐकून घेतं, हेच तिला कधी कळू दिलेलं नव्हतं. नव्या अन्वेषकांचं प्रशिक्षण मी याच दोन आकड्यांनी सुरू करते आणि ते फळ्यावर आठवडाभर पुसू देत नाही.

मग विचारायचंच नाही का? नुसत्या रक्तदाबावर आणि साखरेवर भागवायचं? माझं मत अगदी उलट आहे. विचारायलाच हवं, पण उत्तर देता येईल अशा रीतीनं.

आपल्या देशात या दिशेनं मोठं काम झालं आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये ‘लासी’ या पाहणीची पहिली फेरी केली. पंचेचाळीस वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त लोकांशी बोलणं झालं. त्यातले ३१ हजारांवर साठी ओलांडलेले होते. हाताच्या पकडीचा जोर मोजला, चालण्याचा वेग मोजला, फुंकर मारायला लावून फुफ्फुसं तपासली. दहा शब्द वाचून दाखवले आणि किती आठवतात ते विचारलं, थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. २०२१ च्या जानेवारीत अहवाल आला. त्यातली एक जोडी मला फार मोलाची वाटते. आपल्याला नैराश्याचं निदान झालं आहे असं सांगणारे साठीपुढचे लोक होते ०.८ टक्के. त्याच वयोगटाला लक्षणांबद्दल एकेक करून विचारलं, तेव्हा नैराश्याची शक्यता दिसली ८.३ टक्क्यांमध्ये. दहापट! पहिल्या आकड्यावर विसंबणारा अधिकारी म्हणेल की प्रश्न किरकोळ आहे. दुसरा आकडा पाहणाऱ्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माणसांना प्रशिक्षण द्यावं लागेल, औषधं ठेवावी लागतील, आशाताईंच्या कामात ही विचारपूस बसवावी लागेल.

लक्षणं विचारायची म्हटलं की शब्दांपाशी गाडी अडते. ‘उदास’ हा पुस्तकातला शब्द आहे. माझ्या आजींना उदास कधीच वाटलं नसेल, पण त्यांना करमत नव्हतं. विदर्भात कुणी ‘गमत नाही’ म्हणेल. कुणाचा जीव रमत नाही, कुणाचं अन्नावर मन नाही. ‘करमणं’ या क्रियापदात माणसं, जागा, दिवसाचं काम असं सगळं येतं. छापील प्रश्नात ते आणलं की उत्तरं लगेच मोकळी होतात. पण मग तमिळनाडूच्या किंवा पंजाबच्या आकड्याशी तुलना कशी करायची, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. यावरचा एक उपाय जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सेज’ पाहणीत वापरला गेला. आपल्याकडे महाराष्ट्रासह सहा राज्यांत ती झाली होती. त्यात एका कल्पित माणसाची गोष्ट सांगायची. समजा, एका बाईचे गुडघे दुखतात, जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागतं. तिला किती त्रास आहे असं तुम्ही म्हणाल? स्वतःबद्दलही त्याच मापानं विचारायचं. एखादी आजी त्या कल्पित बाईबद्दल ‘काय त्रास नाही’ म्हणाली, तर तिची मोजपट्टीच कुठून सुरू होते ते कळतं. ही पद्धत वेळखाऊ आहे, अन्वेषक कंटाळतात. तरी मी तिचा आग्रह धरते.

आयात केलेल्या प्रश्नावलीचा दुसरा अनुभव मला जास्त शिकवून गेला. इंग्लंडमध्ये ‘कॅस्प’ नावाची एकोणीस प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. आयुष्यावर आपला ताबा, आपल्या मनानं वागण्याची मुभा, स्वतःचं काही घडवण्याचं समाधान आणि आनंद, ही तिची चार अंगं. म्हातारपण म्हणजे केवळ आजारांची बेरीज असं ती मानत नाही, म्हणून मला ती आवडते. तिच्यात एका ठिकाणी घरच्या जबाबदाऱ्या मनासारखं करण्याच्या आड येतात का, असं विचारलेलं आहे. ‘येतात’ म्हटलं की गुण कमी. कोल्हापूरकडच्या एका गावात एक आजी तोंडभर हसून म्हणाल्या, ‘येत्यात तर! दोन नातवंडं हायती, सवड कुठली?’ त्यांचे गुण कमी झाले. शेजारच्या घरातल्या आजोबांवर कसलीच जबाबदारी नव्हती, कारण घरात त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. त्यांना पूर्ण गुण मिळाले. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तो प्रश्न दोन भागांत फोडला: घरातलं काय काय तुमच्याकडे आहे, आणि ते तुम्हाला हवं आहे का?

साधं वय विचारणंही सोपं नसतं. कागदावर असंख्य लोकांचा जन्म १ जूनचा, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. शाळेत न गेलेल्या बायकांना तेवढाही आधार नाही. मग आम्ही घटनांची यादी काढतो. पानशेत फुटलं तेव्हा, म्हणजे १९६१ मध्ये, तुम्ही केवढ्या होता? कोयनेचा भूकंप १९६७ चा. तेव्हा लग्न झालं होतं? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता तेव्हा काखेत कितवं मूल होतं? श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनला पासष्ट पूर्ण लागतात. आमच्या यादीनं अडुसष्ट ठरलेली आणि आधार कार्डावर एकसष्टची असलेली बाई मी एकदा नाही, अनेकदा पाहिली आहे. पेन्शन मिळणाऱ्यांची सरकारी संख्या कितीही अचूक असली, तरी या बाया तिच्यात नसतात.

पैशांबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयासाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आहे आणि तो २००७ पासून हललेला नाही. महाराष्ट्रानं स्वतःची भर घालून २०२३ मध्ये रक्कम १,५०० केली. हे चांगलं झालं. पण रक्कम खात्यात जमा झाली, की शासनाच्या लेखी काम संपतं. आम्ही पुढचं विचारतो. बँकेत कोण जातं? अंगठा मशीनवर उमटतो का, की शेतात झिजलेल्या बोटांमुळे तीन खेपा होतात? पैसे हातात आल्यावर किती वेळ हातात राहतात? सगळे मुलाच्या हाती देणारी आई आणि त्यातले दोनशे कमरेच्या पिशवीत ठेवणारी आई, यांची रक्कम सारखीच असते. दिवस सारखे नसतात. पकडीचा जोर मोजणारं यंत्र माझ्याकडे आहे, पण माझ्या मते त्या दोनशे रुपयांचा प्रश्न त्याच्याइतकाच खरं सांगतो.

आणि हे सगळं सुनेसमोर, मुलासमोर विचारून उपयोग नाही. म्हणून आता आमच्या जोड्या असतात. एक जण घरच्यांशी रेशन कार्डाचं, पिकांचं बोलत राहते. दुसरी आजींना म्हणते, ‘चला, गोठा तरी दाखवा.’ मुलाखत गोठ्यात होते.

पेन्शनवाल्यांकडून शासन वर्षातून एकदा हयातीचा दाखला घेतं. माणूस जिवंत आहे ना, एवढंच त्यात पाहतात. त्याच वेळी आणखी तीन प्रश्न विचारावेत, असा प्रस्ताव मी दोन बैठकांत मांडला आहे. पेन्शनमधलं काही स्वतःच्या मनानं खर्चता का? करमतं का? गेल्या महिन्यात स्वतःला वाटलं म्हणून कुठं जाऊन आलात का? तलाठी कार्यालयात मोकळं बोलणं होणार नाही, ही अडचण मला मान्य आहे. हे काम गावातल्या बचत गटातल्या बायकांकडे द्यावं असं मला वाटतं. त्यांना आजी दाराशी थांबवत नाहीत.

हे प्रश्न करून पाहायला गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा माणकडे गेलो होतो. ऐंशीच्या घरातल्या एका बाईंना तिसरा प्रश्न विचारला. त्या गोठ्यातल्या बाजेवर बसल्या होत्या. ‘म्हसवडला गेल्ते, भनीकडं. दोन रात्री ऱ्हायले,’ त्या म्हणाल्या. कशा गेलात? ‘यस्टीनं. आमाला तिकीट पडत न्हाई आता.’ पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली ती २०२२ च्या ऑगस्टात. मी विचारलं, आधी जात नव्हता? त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘तिकिटाला पैशे मागाय लागायचे. मागितलं की, कशाला जातीस, म्हणायची.’ माझ्या सोबतच्या मुलीनं विचारलं, ‘ताई, हे कोणत्या रकान्यात लिहू?’ मी म्हटलं, जसं म्हणाल्या तसंच लिही, शब्द बदलू नकोस.