पोटदुखी आणि विश्वास

‘पोट दुखते’ हे दोन शब्द घरात उच्चारले, की त्यांवर दोन मते ठरलेली. आजीच्या मते दृष्ट लागली. वडिलांच्या मते शाळा चुकवायची आहे. तपासणीत काही आढळले नाही, म्हणजे तर वडिलांचा पक्ष जिंकलाच! या अविश्वासाविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

सुरतेच्या या नवागामात खानदेशातून आलेली आमची कितीतरी कुटुंबे राहतात. यंत्रमागावर बारा तासांची पाळी. कधी दिवसाची, कधी रात्रीची. झोपेची वेळ बदलते, जेवणाची बदलते. चहाला मात्र वेळकाळ नसतो. पोट फुगणे, मुरडा, कधी मलावरोध तर कधी जुलाब, या तक्रारी आम्हांस परक्या नाहीत. मजुरीचे पैसे तपासण्यांत जातात आणि दुखणे जागच्या जागी राहते.

वैद्यकशास्त्र यास कार्यात्मक विकार म्हणते. मागाचा एकही भाग मोडलेला नसावा, तरी ताण बिघडून धागा तुटावा, तसाच हा प्रकार. आतडे व मेंदू मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन यास गोळी लागून जठरास कायमचे छिद्र राहिले. डॉ. विल्यम बोमाँट यांनी त्यातून पचनक्रिया पाहिली आणि क्रोधाने जठर बिघडते, असे १८३३ च्या ग्रंथात नोंदविले.

अशा विकारांपैकी ‘आयबीएस’ पुष्कळांस ठाऊक असतो. २०१६ च्या ‘रोम’ निकषांप्रमाणे प्रौढांत तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखावे, त्याचा शौचाशी संबंध असावा आणि प्रारंभ सहा महिन्यांपूर्वीचा असावा. म्हणजे निदानाचा मुख्य आधार रुग्णाची हकिकतच! मात्र मलात रक्त, घटते वजन, ताप, रक्तक्षय किंवा झोपमोड करणारी वेदना असेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

उपाय साधे, पण चिकाटीचे आहेत. काय खाल्ले, केव्हा झोपलो, केव्हा दुखले, याची वही ठेवावी. पाळी बदलली तरी दोन जेवणांतील अंतर बदलू नये. चहा व तिखट बेताने घ्यावे. गुजरातेतच पिकणारे इसबगोल पुष्कळांस मानवते. औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आणि घरच्यांनी? त्यांनी प्रथम विश्वास ठेवावा. तपासणी निर्दोष आली म्हणून वेदना खोटी ठरत नाही. ज्याचे दुखणे घरात खरे मानले जाते, त्याच्या मनावरचा निम्मा भार तेथेच उतरतो. आणि मनाचा भार उतरला, की पोटासही थोडी उसंत मिळते.