लाव्याचा रस्सा

वऱ्हाडात १९६०-७०च्या सुमारास वाढलेल्या आम्हां भावंडांना लावा आधी कानांना कळला, मग जिभेला. पाऊस लागला की धुऱ्यावरच्या गवतातून सांज-सकाळ त्याची दोन-दोन सुरांची शीळ यायची. त्या दिवसांत आजी लावे घेऊ द्यायची नाही. "अंड्यावर बसल्यात त्या," एवढंच म्हणायची आणि विषय संपायचा.

ज्वारी कापणीला आली, की दाणे टिपून लावे भरलेले असत. फासेपारधीण तेव्हा दारात यायची. पाय बांधलेले जिवंत लावे टोपलीत, कधी एखादा तित्तर. बदल्यात सूपभर ज्वारी. तिचा नवरा घोड्याच्या केसांचे फास मांडायचा, पाळलेला तित्तर पिंजऱ्यातून बोलवायचा आणि रानातला तित्तर त्या पाळलेल्याच्या अंगावर धावून येऊन फासात अडकायचा. ही विद्या असणाऱ्या जमातीला इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, तरी चोरी झाली की शिपाई आधी त्यांच्याच पालावर जात. लावे विकत घेणाऱ्या आमच्या घराकडे कुणी बोट दाखवलं नाही. हा अन्याय होता, आणि तो आमच्या डोळ्यांदेखत चालला होता.

मटण-मासळी स्वयंपाकघरात चालत नसे. अंगणात तीन दगडांची चूल, वेगळं भगुणं. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस पाट्यावर वाटायची. लावा मुठीएवढा, त्याचे तुकडे काय करणार? अख्खाच शिजायचा. बारीक हाडं आम्ही चावून खायचो. आबांच्या आणि काकांच्या ताटात लावा, पोरांना अर्धा-अर्धा, बायकांना शेवटी रस्सा-भाकर.

१९७२चा वन्यजीव कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले. ते योग्यच झालं. पण लाव्याचं रान कायद्याने राखलं नाही. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, धुरे नांगरले गेले, उरलेल्या गवतावर तणनाशक पडलं.

आता मिळतो तो पिंजऱ्यात वाढलेला जपानी लावा, पाच-सहा आठवड्यांत कापायला तयार. मांस मऊ, पण दाण्याची ती गोडी नाही. धाकट्याने एकदा आणले. आईने खसखस वाटली, आणि वाढायला या वेळी आम्ही बसलो. तिच्या ताटात पहिल्यांदाच अख्खा लावा पडला.