पाण्यात उतरताना

गोव्याला जायचं ठरलं की आमच्या घरी पहिला वाद मुक्कामावरून होत नाही, पाण्यात उतरताना घालायच्या कपड्यांवरून होतो. सासूबाई कानडी, मी मराठी. पण त्यांच्या आणि माझ्या माहेरच्या बायका पाण्यात उतरतात त्या नेसूच्या साडीनिशीच.

बेळगावहून चोर्ला घाट उतरलं की डिचोली तालुका जवळच. हरवळ्याच्या धबधब्याशेजारी रुद्रेश्वराचं देऊळ. नार्व्याला गोकुळाष्टमीला पंचगंगेवर स्नानाची गर्दी. अशा ठिकाणी ओलेत्या बायकांकडे कुणी वळून बघत नाही. एकीने चादर आडवी धरायची, दुसरीने कपडे बदलायचे. राजापूरजवळच्या उन्हाळ्याच्या गरम झऱ्यावरही मी हेच बघितलंय.

पेडण्यातलं हरमल मात्र वेगळं. किनाऱ्यावरून उत्तरेकडे दुकानांच्या रांगेतून, खडकांच्या कडेने चालत गेलं की समुद्राला लागूनच गोड्या पाण्याचं तळं लागतं. त्याला गरम झऱ्यांचं पाणी मिळतं असं सांगतात. परदेशी पाहुणे तिथली पिवळसर माती अंगाला फासून उन्हात बसतात, अर्थात बिकिनीत. ‘एनव्वा इदु!’ म्हणत आमच्या अत्तींनी तोंडाला पदर लावला. पण पाचच मिनिटांत त्या मातीने गुडघेदुखी थांबते का, याची चौकशी सुरू!

मला खटकलं ते दुसरंच. जीन्स घातलेली चार-पाच मुलं मोबाइल उंच धरून एका बाईचे फोटो काढत होती. तिने टॉवेल गुंडाळला आणि ती उठून गेली. मुलं आपसात कानडी बोलत होती. मी कानडीतच विचारलं, ‘गावाकडच्या नदीवर आईचा असा फोटो काढाल का?’ तेव्हा कुठे मोबाइल खिशात गेले. २०१४ साली गोव्याच्या एका मंत्र्यांनी किनाऱ्यावर बिकिनी नको म्हटलं आणि केवढा गदारोळ झाला. अंगावर काय असावं यावर सगळेच बोलले. नजर कुठे असावी यावरही तेवढंच बोलायला हवं होतं.

त्या मुलांमुळे माझी चौदा वर्षांची लेक मात्र पाण्यात उतरलीच नाही. अंगभर पोहण्याचा पोशाख मुद्दाम घेतला होता, तो पिशवीतच राहिला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या पोशाखाबद्दल एक सांगते. सुती पंजाबी ड्रेस किंवा साडी पाण्यात जड होते, पायात अडकते. वाहत्या पाण्यात तर जिवावर बेतू शकतं. बाहीचा, गुडघ्याखालपर्यंतचा नायलॉनचा पोशाख आता सहज मिळतो. अंग झाकलेलं राहतं आणि हातपायही मोकळे राहतात. सुती कपड्यांनी तर बऱ्याच तलावांत उतरूच देत नाहीत.

परदेशी जाणाऱ्यांनी तिथली रीत आधी विचारून घ्यावी. बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहात पोहण्याचा पोशाख लागतोच. आइसलँडमध्येही लागतो, पण त्याआधी पोशाख काढून साबणाने अंग धुवावं लागतं, आणि तेही इतर बायकांसमोर. जपानच्या गरम झऱ्यांवर म्हणजे ओनसेनवर तर सगळं उलटं. बायका-पुरुष बहुतेक ठिकाणी वेगळे, आधी बसून स्वच्छ अंघोळ, आणि मग पाण्यात उतरायचं ते काहीही न घालता. तिथे पोशाख घालून उतरणंच असभ्य. छोटा टॉवेल जवळ ठेवता येतो, पण तो पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. अंगावर गोंदलेलं असेल तर अनेक ठिकाणी प्रवेशच नाही. आपल्याकडच्या गोंदलेल्या आज्यांची तिथे पंचाईतच!

माझी भाची नोकरीसाठी जपानला आहे. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा अत्ती शेजारीच बसल्या होत्या. ‘सगळ्या बायकाच?’ त्यांनी विचारलं.

‘हो आजी.’

‘आणि कुणी बघत नाही?’

‘कुणीच नाही.’

अत्ती थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पाणी चांगलं कढत असतं ना पण?’